फ्लॉरेन्समधलं ओरिजिनल काय नि कॉपी काय

इटलीतल्या फ्लॉरेन्सला जाऊन आलेल्या कुणाचाही मोबाईल बघा, डेव्हिडच्या पुतळ्याचा फोटो असतोच, आणि बऱ्याचदा तो खऱ्या डेव्हिडचा नसतोच. मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा १५०४ साली मुख्य चौकातल्या पालाझ्झो वेक्कियो या सरकारी इमारतीच्या दारात उभा केला, ऊनपाऊस खात साडेतीनशेहून जास्त वर्षं तिथेच होता, मग १८७३ मध्ये उचलून अकादेमिया गॅलरीत नेला. चौकात आत्ता दिसते ती १९१० मध्ये बसवलेली कॉपी. त्यात नदीपलीकडच्या टेकडीवर अजून एक ब्राँझचा, हिरवट पडलेला. म्हणजे एका गावात तीन डेव्हिड, आणि तिघांसमोरही लोक त्याच पोझमध्ये उभे!

आता कुणी म्हणेल मग चौकातला कशाला बघायचा. तर बघायचा, फुकट आहे म्हणून नव्हे (तेही आहेच), तर पुतळा कुठे उभा करायचा यावर गावातल्या मोठमोठ्या कलाकारांची मीटिंग झाली होती, तिला लिओनार्दो आणि बोतिचेल्ली दोघंही होते, आणि एवढी चर्चा होऊन शेवटी जी जागा ठरली ती ही. सरकारी इमारतीच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवून. जागा ओरिजिनल, पुतळा कॉपी. आणि अकादेमियात पुतळा ओरिजिनल, जागा नवी. दोन्ही बघितल्याशिवाय हिशोब जुळत नाही.

अकादेमियात गेलात की मात्र लांबून फोटो काढून पळू नका, डावीउजवीकडे फिरा. त्याचा उजवा हात बघा, अंगाच्या मानाने चांगलाच मोठा, आणि मनगटावरून बोटांकडे जाणाऱ्या शिरा इतक्या फुगलेल्या की दगड आहे हे दोन मिनिटं विसरायला होतं. हा संगमरवरी ठोकळा आधीच्या कारागिरांनी अर्धवट कोरून टाकून दिलेला, कित्येक वर्षं चर्चच्या आवारात पडून होता, आणि मायकेलअँजेलोने १५०१ मध्ये तो घेतला तेव्हा तो होता जेमतेम सव्वीस वर्षांचा. सोमवारी अकादेमियाही बंद आणि उफिझी हे चित्रांचं मोठं म्युझियमही बंद, त्यामुळे प्लॅन करताना सोमवार सांभाळा. तिकीट आधीच ऑनलाईन काढा, नाहीतर अर्धा दिवस लाईनमध्ये जातो.

ड्युओमोपाशी, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चपाशी, तर खऱ्याखोट्याचा अजूनच गोंधळ. समोरची पांढरी-हिरवी-गुलाबी नक्षीदार भिंत बघून लोक म्हणतात काय हो मध्ययुगातलं काम, आणि ती पूर्ण झाली १८८७ ला! जुनी भिंत अर्धवटच होती, ती १५८७ मध्ये पाडली, आणि पुढे तीनशे वर्षं शहराचं सगळ्यात मोठं चर्च तोंडावर काहीच न लावता उभं होतं. समोरच्या बाप्तिस्त्रीचे, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचे, सोनेरी दरवाजेही कॉपीच. गिबर्ती या शिल्पकाराने ज्यांच्यापायी सत्तावीस वर्षं घातली ते खरे दरवाजे चर्चच्या मागच्या म्युझियममध्ये आहेत. गंमत म्हणजे बाहेर कॉपीसमोर ही गर्दी, आणि आत खऱ्या दरवाजासमोर निवांत उभं राहून एकेका चौकटीतली झाडं, घरं, माणसं मोजता येतात. माझं विचाराल तर वेळ कमी असेल तर उफिझीतल्या दोन-चार खोल्या सोडा, पण हे म्युझियम सोडू नका.

ड्युओमोचा घुमट मात्र शंभर टक्के खरा. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ला काम सुरू केलं आणि १४३६ ला घुमट उभा, आणि तेही खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. घुमटाच्या आत घुमट आहे, आणि ४६३ पायऱ्या चढताना आपण या दोन घुमटांच्या मधल्या फटीतून जातो. वर वर जाताना भिंत आपल्या अंगावर कलायला लागते, डोकं वाकवून तिरकं चालावं लागतं, आणि हाताला त्या विटा लागतात, मधूनमधून उभ्या बसवत तिरक्या ओळीत नेलेल्या, म्हणजे वरची ओळ ओली असताना घसरून खाली येऊ नये. इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला इथून खाली आणायला वेळ लागतो, त्याच्याबरोबर आलेल्यांनी तयारीत राहा. लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर खालूनच नमस्कार.

पुलांचीही तीच तऱ्हा. पोन्ते वेक्कियो १३४५ चा, खराच, त्यावर आधी खाटिकांची दुकानं होती, १५९३ मध्ये तेव्हा शहरावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या ड्यूकने वास येतो म्हणून त्यांना हाकललं आणि सोनार बसवले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. शेजारचा सांता त्रिनिता पूल मग आर्नो नदीतून दगड उपसून काढून जसाच्या तसा परत बांधला, पण त्यावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचं डोकं काही सापडेना, ते १९६१ मध्ये नदीत मिळालं. आता हा पूल खरा म्हणायचा की कॉपी? मी खराच म्हणतो. पोन्ते वेक्कियोचा फोटोही याच पुलावरून चांगला येतो.

सांता क्रोचे चर्चमध्ये इटालियन महाकवी दांतेची भलीमोठी कबर आहे आणि ती रिकामी आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. ज्याला फ्लॉरेन्सने हद्दपार केलं तो राव्हेन्ना या दुसऱ्या गावात वारला, आणि राव्हेन्नावाल्यांनी अस्थी आजतागायत दिल्या नाहीत. बरोबरच केलं. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ मात्र तिथेच आहेत.

आणि आता ते, जे कुठल्याच टूरच्या यादीत नसतं. शहराच्या पश्चिमेला कासिने नावाची लांबच लांब बाग आहे, तिच्या पार टोकाला, मुन्योने नावाची छोटी नदी जिथे आर्नोला मिळते तिथे, एका छत्रीखाली आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा रंगीत पुतळा आहे. ताराराणींचे राजाराम नव्हेत, हे राजर्षी शाहूंच्या आधीचे. १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते, परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबरला वारले, जेमतेम विशीतले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी, तिथे असं दहन कुणी कधी पाहिलेलं नाही, तरी परवानगी मिळाली आणि रात्री या संगमावर चिता पेटली. १८७४ मध्ये स्मारक झालं, छत्रीचं डिझाईन मेजर मँटचं, म्हणजे कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्याने काढला तोच. शेजारच्या मोठ्या पुलालाही 'भारतीया'चंच नाव आहे, त्यावरून रोज ट्रक धडधडत जातात.

इथे ना तिकीट, ना लाईन. टूरवाल्याला सांगाल तर तो घड्याळ दाखवेल, तेव्हा सरळ ट्रामने कासिने स्टॉपला उतरा आणि नदीच्या कडेकडेने चालत सुटा, पाऊण तास तरी धरा, पाण्याची बाटली घ्या. जमलं तर मंगळवारी सकाळीच जा, त्या दिवशी बागेत मोठा बाजार भरतो, चपला, टेबलक्लॉथ, चीज, सगळं मिळतं, आणि भाव गावातल्या चौकापेक्षा बरेच माणसात असतात.