काकवी नव्हे, मळी

बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये शनिवार-रविवारी मी गोड पदार्थांची फेरी घेते. अडीच तास चालायचं, पाच थांबे घ्यायचे, प्रत्येक ठिकाणी दोन घास खायचे आणि मधल्या वाटेत त्या गल्ल्यांच्या गोष्टी ऐकायच्या. बंदराला चिकटलेला हा शहराचा फार जुना भाग. आधी इंग्रज व्यापारी आणि खलाशी, मग आयरिश, मग ज्यू आणि शेवटी इटालियन कुटुंबं इथे राहून गेली. आज जी मिठाईची दुकानं दिसतात ती बहुतेक या शेवटच्या लोकांची. सात वर्षं हे काम करतेय. त्यातल्या एका फेरीनंतर मी माझ्या फेरीचा शेवटच बदलला. त्या फेरीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

ऑक्टोबर संपत आला होता. एका मुलीचा फोन आला. तिचे आणि तिच्या दोन मैत्रिणींचे आईवडील भारतातून आले होते. सहा ज्येष्ठ, बरोबर पाच तरुण. "ताई, मराठीतून घ्याल का फेरी? त्यांना इंग्रजी कळतं, पण गोष्ट ऐकायची तर मराठीतच हवी." मी लगेच हो म्हटलं. आदल्या रात्री वही घेऊन बसले तेव्हा कळलं की सात वर्षं पाठ असलेलं सगळं इंग्रजीत पाठ आहे.

त्यात तिघं अंडं न खाणारे. अंडं वगळून इटालियन मिठाई खिलवायची म्हणजे आधी दुकानं पालथी घालावी लागतात. कनोली घ्या. बाहेरच्या तळलेल्या नळीत पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी आणि मार्साला वाइन असते, काही जण अंडंही घालतात. आतलं रिकोटाचं सारण मात्र नुसतं दुधाचं आणि साखरेचं. चीज केल्यावर जे पाणी उरतं ते पुन्हा तापवून रिकोटा काढतात, आणि त्या नावाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं' असा आहे. तोरोने या मध-बदामाच्या वडीत अंड्याचा पांढरा भाग असतो, म्हणजे तेही गेलं. शुक्रवारी मी दुकानादुकानांत जाऊन कशात काय घालता ते विचारून आले. त्या तिघांसाठी बदामाच्या मार्झिपानची फळं ठरवली, लिंबाचं सरबती आइस ठरवलं आणि शेवटच्या थांब्यासाठी घरीच आलं घातलेली मोलॅसिसची बिस्किटं भाजली, बिनअंड्याची. मोलॅसिस म्हणजे काय ते दाखवता यावं म्हणून स्वयंपाकघरातली अर्धी भरलेली बाटलीही पिशवीत टाकली.

हेमार्केट स्टेशनपाशी भेटलो. तिथून नॉर्थ एंडकडे जाताना जी हिरवी पट्टी ओलांडावी लागते, तिथे पूर्वी डोक्यावरून जाणारा महामार्ग होता आणि त्यानं हा भाग उरलेल्या शहरापासून तोडला होता. रस्ता जमिनीखाली गेला आणि 2008 मध्ये वर बाग झाली. ज्येष्ठांना हे फार आवडलं. एक आजी तर बाकावर बसून मोटारी खालून जातायत यावर विश्वास ठेवायलाच तयार नव्हत्या.

हॅनोव्हर स्ट्रीटवर कनोली झाली. आधी भरून ठेवलेली कनोली मी कधीच घेऊ देत नाही. गिऱ्हाइकासमोर भरली तरच नळी कुरकुरीत राहते, तासाभरात ती ओलसर होते. मग स्फोयातेल्ले. पातळ लाटलेली कणीक चरबी लावून घट्ट गुंडाळायची, वळीचे काप करायचे आणि प्रत्येक काप अंगठ्यानं शंकूसारखा ओढायचा, म्हणजे भाजताना पदर सुटतात. नेपल्सकडचा पदार्थ. मी हे सांगत असतानाच मघाच्या आजी म्हणाल्या, "अहो, म्हणजे साटा लावून चिरोटाच की!" सात वर्षं मी इंग्रजीत तो पदर-पदर प्रकार समजावायला झगडत होते. एका शब्दात काम झालं.

त्या सहांतले एक काका मात्र गप्प होते. सत्तरीच्या पुढचे, ताठ चालणारे, सांगलीकडचे. प्रत्येक पदार्थ आधी हुंगायचे, मग खायचे. एकदाच बोलले, "साखर मोठ्या दाण्याची वापरलीय."

ओल्ड नॉर्थ चर्चच्या अंगणात मी साखरेच्या व्यापाराचं सांगते. 1723 सालचं हे चर्च. 1775 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य निघाल्याची कंदिलांची खूण इथल्या मनोऱ्यातून झाली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. कॅरिबियन बेटांवर गुलामांकडून ऊस पिकवून घेत. साखर काढल्यावर जे उरे ते, म्हणजे मोलॅसिस, जहाजांनी न्यू इंग्लंडला येई, इथे त्याची रम होई आणि ती रम पश्चिम आफ्रिकेत माणसं विकत घ्यायला जाई. परक्या वसाहतींतून येणाऱ्या या मालावर ब्रिटिश संसदेनं 1733 मध्ये गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला आणि व्यापाऱ्यांनी सरळ चोरटी आयात सुरू केली. 1764 मध्ये कर निम्मा झाला, पण वसुली कडक झाली, आणि भडका उडाला. जवळच्या कॉप्स हिलच्या दफनभूमीत हजारावर आफ्रिकी माणसं पुरलेली आहेत, त्यांतल्या फारच थोड्यांच्या नावाचा दगड आहे. हे सगळं मी मराठीत नीट सांगितलं असं मला वाटत होतं.

कॉप्स हिलचा उतार संपतो तिथे कमर्शियल स्ट्रीट आणि त्यापलीकडे थेट पाणी. समोर चार्ल्सटाउनचा काठ. रस्त्याकडेला, बोची हा चेंडूंचा इटालियन खेळ खेळायच्या जागेजवळ, एक छोटा हिरवा फलक आहे. चुकून नजर गेली तरच दिसतो. माझी फेरी इथे संपायची, एका गोष्टीनं, आणि ती गोष्ट मी लोकांच्या ओठांवर हसू आणत सांगायचे. काय होतं, 'मोलॅसिसचा पूर' हे शब्द ऐकले की माणूस आधी हसतोच. मीही त्या हसण्याला वाट करून द्यायचे, मग आकडे सांगायचे आणि शेवटी 'उन्हाळ्यात अजून इथे गोड वास येतो म्हणतात' असं म्हणून बिस्किटं वाटायचे.

त्या दिवशीही तसंच सुरू केलं. "15 जानेवारी 1919. इथे काकवीचा पूर आला होता."

सगळे हसले. काका हसले नाहीत.

"काकवी नव्हे," ते म्हणाले. "मळी म्हणा, ताई."

मी बाटली काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला, बोटाच्या टोकाला लावून चाटली. "ही खायची आहे, चांगली आहे. पण काकवी वेगळी. रस आटवला, गूळ व्हायच्या आधी उतरवला, ती काकवी. तिच्यात सगळी साखर असते. ही साखर काढून घेतल्यावर उरलेली. आणि इथे टाकीत होती ती ही पण नसणार. शेवटची मळी असणार, जिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही ती. तिचं काय करत होते?"

"अल्कोहोल," मी म्हटलं. "पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी लागायचं."

त्यांनी मान हलवली. मग त्यांची मुलगी मला हळूच म्हणाली, "बाबा साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. चौतीस हंगाम."

पुढची गोष्ट मी सांगितली खरी, पण त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत. टाकी केवढी? पन्नास फूट उंच, नव्वद फूट व्यासाची. मळी किती? तेवीस लाख गॅलन, म्हणजे सत्याऐंशी लाख लिटर. ते पाण्याकडे बघत पुटपुटले, "लिटरला एक किलो चारशे धरा. बारा हजार टन. तळाशी दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या वर दाब." मग वळून विचारलं, "भरायच्या आधी पाणी भरून चाचणी घेतली होती का?"

इतक्या वर्षांत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर मी वाचलेलं होतं, फेरीत कधी सांगितलं नव्हतं. "सहा इंच पाणी भरलं होतं."

"सहा फूट?"

"इंच, काका."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी सांगत राहिले. टाकी 1915 मध्ये घाईनं उभारली. ज्याच्या देखरेखीखाली काम झालं त्याला आराखडा वाचता येत नव्हता. पहिल्यापासून सांध्यांतून गळत होती, आसपासच्या इटालियन घरांतली मुलं डबे घेऊन ती गळती भरून न्यायची. गळती दिसू नये म्हणून कंपनीनं टाकीला तपकिरी रंग लावला. अपघाताच्या दोन दिवस आधी जहाजातून नवी मळी भरली, पंपानं चढावी म्हणून गरम केलेली. आत आधीची थंडगार होती. मग एकाएकी हवा निवळली, कडाक्याच्या थंडीतून पारा चार अंश सेल्सियसच्या आसपास आला. दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर टाकी फुटली.

"गरम मळी थंड मळीवर सोडली तर आत वायू धरू शकतो," काका म्हणाले. "पण तेवढ्यानं चांगली टाकी फुटत नाही. पत्रा कमी होता." पत्रा कमीच होता. नंतरच्या अभियंत्यांनीही तेच काढलंय, जाडी कमी आणि पोलाद ठिसूळ.

पंचवीस फुटांची लाट, तासाला पस्तीस मैल वेग. एका तरुणानं विचारलं, एवढी दाट वस्तू एवढ्या जोरात कशी धावेल? मी त्याला दरवेळी 'आश्चर्यच आहे' म्हणायचे. काकांनी बाटली कलती केली. वारा गार होता, मळी काचेला धरून सावकाश उतरत होती. "ही बघून वाटतं, हळू येईल. पण पन्नास फुटांची भिंत एकदम गेली तर वजनच तिला ढकलतं, ती आधी पाण्यासारखीच धावते. पसरली, पातळ थर झाला, गार जमिनीला लागली, की मग धरते. तेव्हा माणूस हलू शकत नाही. पाण्यात हात मारता येतो. मळीत हात मारला की हात तिथेच राहतो."

एकवीस माणसं गेली, दीडशे जखमी झाली. पालिकेच्या आवारात जेवायला बसलेले कामगार होते. सरपण गोळा करायला आलेली दहा वर्षांची दोन मुलं होती. अग्निशमन दलाची इमारत पायावरून सरकली आणि एक जवान खाली अडकला. मळीच्या वर डोकं धरून तो काही तास तगला, मग त्याची मान थकली. बंदरात उभ्या असलेल्या प्रशिक्षण जहाजावरची मुलं सगळ्यात आधी धावून आली. रस्ते बंदराच्या खाऱ्या पाण्यानं धुतले, गोड्या पाण्यानं मळी निघेना. कंपनी म्हणाली, कुणी अराजकवाद्यानं बॉम्ब ठेवला. सुनावणी काही वर्षं चालली आणि 1925 मध्ये दोष कंपनीवर ठरला.

मी इथे थांबले. काकांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, तोंडाशी ओघळलेली मळी रुमालानं पुसली.

"उन्हाळ्यात मळी आपोआप तापते," ते म्हणाले. "आम्ही टाकीवर बाहेरून पाण्याचे फवारे सोडायचो. दर पाळीला तापमान लिहायचं. कोणी विसरला की मी त्याला ओरडायचो, लोक म्हणायचे केमिस्ट फार कडक आहे. आणि टाकी रिकामी केली तरी भीती जात नाही. तळाशी वायू राहतो, दिसत नाही, वास येत नाही. एका हंगामात साफसफाईला आधी एक जण उतरला. तो पडला म्हणून दुसरा उतरला. वर एकच आला." त्यांनी नाव नाही सांगितलं, साल नाही सांगितलं. त्यांच्या मुलीनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, तिनं त्यांचा हात धरला.

मग ते म्हणाले, "नव्वद फूट म्हणजे किती, बघू." आणि फलकापासून पावलं मोजत चालू लागले. मोठी, मोजकी पावलं. नातू मागे. छत्तीस पावलांवर थांबून त्यांनी मागे वळून बघितलं. मधल्या जागेत म्हातारे इटालियन लोक बोची खेळत होते. टाकी नेमकी कुठून कुठवर होती ते त्या पावलांनी ठरत नव्हतं, पण तिचा पल्ला पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांना कळला. सात वर्षं मी 'नव्वद फूट' म्हणत होते.

बिस्किटं वाटली. काकांनी एक खाल्लं, दुसरं मागून घेतलं. "आलं जरा जास्त झालंय, पण मळी चांगली आहे," म्हणाले. जाताना वाकून फलक पुन्हा वाचला, चष्मा काढून.

त्या रात्री मी वहीतला शेवट फाडला. वासाची ओळ काढून टाकली. ती ऐकीव गोष्ट आहे आणि तिच्यावर लोक हसत निघून जातात. तिच्या जागी सहा इंच पाणी आलं, डबे घेऊन येणारी मुलं आली, आणि टाकी फुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 16 जानेवारीला, अमेरिकेतल्या दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली हेही आलं. गोडाचं खाणंही मी आता फलकाच्या आधी संपवते. तिथे फक्त बिस्किट.

पुढच्या शनिवारी इंग्रजी गट होता, ओहायोकडचे दहा जण. मी 'मोलॅसिसचा पूर' म्हटलं आणि पुढे उभा असलेला मुलगा हसला, सगळे हसतात तसा. मी बाटली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, कलती करा. बंदराकडून वारा येत होता. मळी बाटलीच्या गळ्यापर्यंत यायला खूप वेळ लागला. मी थांबले.