थ्री नॉट थ्रीचं फाटलेलं लाकूड

परवा भाचा माळ्यावरची पेटी काढून द्यायला आला होता, त्यात त्याला माझा दीड फुटाचा पेचकस सापडला. म्हणे मामा, हे काय बोअरच्या मोटरचं सामान आहे का. म्हटलं नाही रे, ह्याच पेचकसाने मी एकदा सरकारी रायफल फाडलीय. मग चहा होईपर्यंत सगळं सांगावं लागलं, तेच इथं टाइप करतोय.

नोकरीत मी आर्मोरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, तेव्हा कोतीत, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, थ्री नॉट थ्रीच जास्त, ती .303 ची जुनी रायफल. जुनी म्हणून हसायचे लोक, पण 2008 च्या 26/11 ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच होती. माझ्याकडे आलेली ईशापूरच्या बंदूक कारखान्यातली, 1942 ची, सॉकेटवर, म्हणजे बट बसते त्या लोखंडी खोबणीवर, मुकुट आणि खाली जीआरआय, इंग्रज राजाची अक्षरं. तक्रार एवढीच की बट, म्हणजे खांद्याला टेकतं ते मागचं लाकूड, हलतीय.

बट आतून एका लांब बोल्टवर बसते. बट प्लेटची पितळी झाकणी उघडायची, पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, आणि तेलाची बाटली काढायची, आतला चामड्याचा तुकडा काढायचा आणि लांब पेचकस घालायचा. सोपं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते सॉकेटच्या बाहेर येऊन पुढच्या लाकडात, म्हणजे फोरएन्डमध्ये, एका पत्र्याच्या खाचेत अडकतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. त्यामुळं आधी फोरएन्ड उतरवायचा, मग बोल्ट फिरवायचा. हे मला शिकवलेलं होतं, पाठ होतं. पण त्या दिवशी घाई होती, ज्येष्ठातला उकाडा, आणि मी सरळ पेचकस फिरवला. कट्ट आवाज आला. बाभळीची फांदी मोडल्यावर येतो ना, तसा. ट्रिगरच्या मागं बोटभर लांब भेग.

आता खरं सांगायचं तर सगळा दोष माझा नव्हता, लाकूड आधीच मेलेलं होतं. वर्षानुवर्षं लोक बॅरलला तेल घालतात आणि रायफल उभी ठेवतात, ते तेल झिरपत फोरएन्डच्या मागच्या टोकाला जमतं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ, साबणासारखं होतं. पण साहेबांना हे कोण सांगणार.

पहिल्यांदा फेव्हिकॉल भरला आणि बांधून ठेवली. दोन दिवसांनी उघडली तर जैसे थे. तेलकट लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही, एवढी साधी गोष्ट. शहराच्या पूर्व भागात एक म्हातारे मिस्त्री होते, आयुष्यभर हातमाग दुरुस्त केलेले, मागाचं लाकूडही असंच तेल पिऊन बसलेलं असतं. भंगारात काढलेल्या फोरएन्डचा एक तुकडा त्यांना दाखवला. वास घेतला आणि म्हणाले, "आधी ह्याचं पोट साफ कर की रे, मग औषध दे."

पोट साफ करायची पद्धत अशी. खडूची पूड थिनरमध्ये कालवायची, इडलीच्या पिठाएवढी घट्ट, आणि भेगेवर थापायची. सुकली की ती पिवळी पडते, तेल वर ओढलेलं असतं. खरवडायची, परत थापायची. आपल्याकडं मे-जूनचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी, पण लाकूड सरळ उन्हात टाकायचं नाही, वाकतं. पत्र्याच्या शेडमध्ये सावलीत ठेवायचं. सहाव्या थराला पूड पांढरीच राहिली तेव्हा थांबलो.

मग दोन ट्यूबवालं अरल्डाइट, सावकाश सुकणारं, पाच मिनिटवालं अजिबात नाही. लाकूड थोडं गरम केलं की ते पातळ होऊन भेगेत आतपर्यंत उतरतं. आरपार भोक पाडून ब्रेझिंगची पितळी काडी कानशीने खरबरीत करून घातली. ही आयडिया माझी नाही, ईशापूरवाले स्वतःच मॅगझिनच्या पुढं एक आडवा स्क्रू घालायचे लाकूड फाटू नये म्हणून. वरून सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली आणि एक दिवस हात लावला नाही.

पण नुसतं चिकटवून भागत नाही. गोळी सुटल्यावर रायफलचा धक्का लाकडात दोन छोट्या जागी बसतो, त्या जागा मऊ पडल्या की फोरएन्ड मागं आपटत राहतो आणि भेग परत उघडते. तिथं शिसवीचे दोन तुकडे कोरून बसवले, लोखंडाला घरातलं काजळ लावून बसवून बघायचं, जिथं काळं उमटतं तेवढंच तासायचं, परत बसवायचं. ह्यात पूर्ण एक दुपार गेली, डोळे गेले म्हणा.

शेवटी कच्चं जवसाचं तेल, हाताने चोळून, आठवडाभर थोडं थोडं. घरी बायको म्हणाली तुमच्या शर्टाला चटणीचा वास येतोय. एक सांगतो, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा. आणि घरी आजोबांची बारा बोअर वगैरे असेल तर लायसनवाल्या गनस्मिथकडंच द्या, हे वाचून पेचकस काढू नका.

ती रायफल नंतर मला रॅकमध्ये अंधारातही ओळखू यायची, अंगठा फिरवला की पितळेच्या पिनचं टोक लागायचं. भाचा जाताना पेचकस मागत होता, घरच्या पंख्याला लागतो म्हणे. दिला नाही.