घंटी कुठाय हिची?

यळ्ळूरच्या बाजूनं राजहंसगडाकडं जाणाऱ्या मातीच्या वाटेवर सायकलनं वळण घेतलं आणि समोर घोणस. जाडजूड, अंगावर तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी. दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक खडीवर घसरलं आणि तिचा फुत्कार सुरू झाला, कुकर वाफ सोडतो तसा, थांबेचना.

बांधावरनं एक मामा ओरडले, "मागं सर की रे! वाट दे तिला."

ती सावकाश घाणेरीत शिरली. मामांनी जवळ येऊन सायकल वरखाली न्याहाळली. "एवढ्या पैशाची घेतलास, घंटी कुठाय हिची?"

मला हसू आलं. सापाला बाहेरचे कान नसतात, घंटीची किणकिण त्याच्या काय कामाची? त्याला कळतो तो मुख्यतः जमिनीचा हादरा. पण घरी येताना ते डोक्यातनं जाईना. चालणाऱ्याची पावलं जरा तरी वर्दी देतात; आम्ही रबरी चाकांवर उतारानं सुसाट येतो आणि थेट त्याच्या पुढ्यात उभे राहतो. मामांचं बरोबरच होतं की!

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टायरमधल्या हवेवर तासभर वाद चालतो. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते. कणकुंबीच्या रानातल्या हिरव्या चापड्यासाठी नाही, तोही विषारीच साप. यावर कधी कुणी बोललेलं आठवत नाही.

जांबोटीकडं राइडला निघताना, वाटेतल्या कुठल्या दवाखान्यात ती लस मिळते, हे तुमच्यापैकी कोण विचारून ठेवतं?