शेती फिडरचा लोड: मीटर सांगतो तो आणि खरा

गावाकडच्या विजेच्या मागणीचा अंदाज बांधताना सगळ्यात महागात पडते ती एक समजूत: उपकेंद्रातल्या मीटरचा आकडा म्हणजेच मागणी. शेती फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, मोटारी चालवणारी थ्री फेज मिळते साधारण ८ तास, तीही पाळी बदलून, कधी दिवसा तर कधी रात्री. मीटर फक्त तेवढं मोजतो. उरलेल्या वेळात पिकाला पाणी नको होतं असा त्याचा अर्थ नाही, वीजच नव्हती. म्हणून रोजच्या एकूण युनिटांवर अंदाज बसवू नये. पुरवठा चालू असताना किती मेगावॅट आणि पुरवठा किती तास, हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. ट्रिपिंगच्या, म्हणजे बिघाडाने फिडर बंद पडल्याच्या, नोंदी आधी गाळाव्यात, नाहीतर बिघाडाचा शून्य लोड 'मागणी नाही' म्हणून हिशेबात शिरतो.

ताळा मोटारींवरून करता येतो. समजा फिडरवर ५ एचपीच्या ६०० मोटारी आहेत. ३००० एचपी म्हणजे २२३८ किलोवॅट. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर वीज लागेल सुमारे २८०० किलोवॅट. एका वेळी ७० टक्के मोटारी चालतात असं मानलं तर १९६० किलोवॅट, म्हणजे ११ केव्हीवर ०.८ पॉवर फॅक्टरने जवळपास १२९ अँपिअर. मीटर यापेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर आधी तारांवर आकडे टाकून होणारी वीजचोरी आणि मंजुरीपेक्षा मोठ्या मोटारी शोधाव्यात. कागदावर ३ एचपी आणि विहिरीवर ५ एचपी, हे सर्रास आढळतं.

हा ७० टक्क्यांचा आकडा दिवसभर सारखा राहत नाही. बहुतेक स्टार्टरना ऑटो (मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) असतो; वीज आली की मोटारी एकदम सुटतात. त्यामुळे पहिला अर्धा तास वेगळा मोजावा. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळण्याचा धोकाही तेव्हाच जास्त, आणि सरासरीत तो दिसत नाही.

हंगामाचं गणित फक्त तापमानावर बसवणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. काळ्या कातळाच्या भागात एप्रिल-मेमध्ये ऊन वाढतं, पण विहीर दोन-तीन तासांत उपसते आणि मोटार बंद पडते. तिथे लोड चढतो तो पाऊस उघडल्यावर, रब्बीच्या पाण्याला: कांदा, गहू, हरभरा. ऊस असेल तिथे चित्र वेगळं, म्हणून तालुक्याची पीकपेरणी हाताशी हवीच. पावसाचा आकडाही आजचा घेऊन भागत नाही, मागच्या सात दिवसांची बेरीज घ्यावी. भारी जमिनीत ओल जास्त दिवस टिकते, मुरमाड रानात मोटारी लवकर सुरू होतात.

थ्री फेज बंद आणि फक्त सिंगल फेज चालू असतानाही फिडरवर लोड दिसला आणि तिन्ही फेजचे करंट असमान असले, तर कॅपॅसिटर लावून सिंगल फेजवर मोटारी चालू आहेत असं समजावं. अडलेल्या मागणीचा याहून सरळ पुरावा मिळत नाही.

२०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० खाली फिडर सौर वीजनिर्मितीवर आणून दिवसा पुरवठा देण्याचं काम चालू आहे. फिडर ज्या तारखेला दिवसपाळीवर गेला, ती तारीख नोंदवून त्याआधीचे रात्रीचे आकडे बाजूला काढावेत. दिवसा पाणी धरता येऊ लागलं की रात्री ऑटोवर सोडून दिलेलं पाणी कमी होतं, आणि त्याच पिकाला मोटार किती तास चालते हे नव्याने मोजावं लागतं.