सात ते दोनचा हिशेब

आपल्या नर्सिंग शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं समितीचं पत्र आलं. कॅपिंग, लॅम्प लायटिंगचे समारंभ आणि मेसची पातळ आमटी यांवर बाकीच्या मैत्रिणी लिहितीलच. मी लिहिते आहे ती तान्हं बाळ घरी ठेवून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करणाऱ्या मुलींसाठी. अशी एखादी मुलगी बॅचमध्ये निघतेच, आणि तिला लागणारी माहिती प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेली नसते. यात नवं काही नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या बायका ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या, त्यांत विधवाही होत्या. घराचा भार डोक्यावर घेऊन वॉर्डात उभं राहणं आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे.

आधी हजेरी. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळी ८० टक्के हजेरी लागते. इथे पुष्कळ मुली फसतात, कारण त्या ८० वरच थांबतात. डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रॅक्टिकल शंभर टक्के पूर्ण करावं लागतं. बाळाच्या आजारपणात १२ ड्युट्या बुडाल्या आणि ड्युटी ७ तासांची धरली, तर ८४ तास अंगावर बसतात. तेही त्या-त्या वॉर्डाचे; मेडिकलचे तास सर्जिकलमध्ये उभं राहून फिटत नाहीत. म्हणून एका छोट्या वहीत तारीख, वॉर्ड आणि बुडालेले तास त्याच दिवशी लिहावेत, आणि महिनाअखेरीला ट्यूटर मॅडमच्या रजिस्टरशी ताळा करून घ्यावा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तो ताळा करायला गेलं की रडू येतं.

प्रसूती रजेबद्दल एक गैरसमज आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळणारी २६ आठवड्यांची रजा नोकरी करणाऱ्या बाईला आहे, विद्यार्थिनीला नाही. स्तनपानासाठी कामाच्या वेळेत दोन सुट्ट्या देणारं कलमही नोकरदार बाईसाठीच. विद्यार्थिनीने लेखी अर्ज करायचा आणि उत्तरही लेखीच घ्यायचं. ‘सिस्टर हो म्हणाल्या’ हे कागदावर टिकत नाही.

आता खरा विषय, दूध. ड्युटी ७ ते २. घरून साडेसहाला निघायचं, पुढच्या पाळीला रुग्ण सोपवून (हँडओव्हर) अडीच-तीनला परतायचं. म्हणजे आठ-साडेआठ तास. एवढ्या वेळात दोन-तीन महिन्यांचं बाळ साधारण तीनदा पितं, दर वेळी ८० ते १०० मिली. घरी ३०० मिली दूध तयार ठेवावं, पण एकाच भांड्यात नाही. ८०-८० मिलीचे तीन आणि ६० मिलीचा एक, असे झाकणाचे डबे करावेत. बाळाच्या तोंडाला लागलेलं उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यावं लागतं. मोठं भांडं काढलं तर तेवढं सगळं वाया जातं.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, तेही २५ अंशांच्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये चार तास धरूच नयेत, लगेच फ्रिजमध्ये ठेवावं. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण आपल्याकडे वीज जाते हे लक्षात घेऊन २४ तासांतच वापरावं. डबा फ्रिजच्या दारात ठेवू नये, तिथे दर वेळी गरम हवा लागते. आत, मागच्या बाजूला ठेवावा, वर वेळ लिहून. गरम करायचं म्हणजे कोमट पाण्याच्या पातेल्यात डबा उभा करायचा. गॅसवर उकळायचं नाही, हे आजीला चार वेळा सांगावं लागतं, कारण दूध म्हटलं की उकळायचं ही तिची आयुष्यभराची सवय. वर साय जमल्यासारखा थर दिसतो, तो नासल्याचा नाही. हलक्या हाताने फिरवला की मिसळतो. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा पळीने. बाटलीची सवय लागली की काही बाळं छाती धरायला कुरकुरतात, आणि बूच-निपल उकळण्याचं काम वाढतं ते वेगळंच.

वॉर्डात असताना दर तीन तासांनी दूध काढलं नाही तर दोन गोष्टी होतात. छाती दगडासारखी होते, आणि चार-आठ दिवसांत दूध कमी होऊ लागतं, कारण जेवढं रिकामं होतं तेवढंच शरीर पुन्हा बनवतं. यंत्राची गरज नाही. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेशी; आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत, कातडी सोलवटते आणि दूध येत नाही. पहिलं मिनिटभर काहीच येत नाही, तिथेच पुष्कळ जणी हात आखडतात. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. एकूण २० ते ३० मिनिटं धरावीत. ब्रेक १५ मिनिटांचा असेल तर निदान ताण उतरेल एवढं तरी काढावं. एका जागी लाल, तापलेला, दुखरा पट्टा आणि अंगात ताप आला तर पाजणं थांबवायचं नाही, पण डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

युनिफॉर्मवर डाग पडतो, यात लाजण्यासारखं काही नाही, पण राउंडच्या वेळी नेमका पडतो. जुन्या सुती धोतराच्या चार पदरी गोल घड्या शिवून आत ठेवाव्यात, दिवसाला सहा. प्लॅस्टिकचा थर असलेल्या घड्या उकाड्यात कातडी भिजवून ठेवतात.

काढलेलं दूध घरी नेताना एक ताकीद. कम्युनिटी पोस्टिंगला व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस नेण्याचा थंड डबा, समोर दिसतो आणि मोह होतो. त्यात नाही, आणि आयएलआरमध्ये, म्हणजे लसीच्या फ्रिजमध्ये, तर मुळीच नाही. तिथे लसीखेरीज काही ठेवायचं नसतं, हे आपणच परीक्षेत लिहितो. आपला थर्मासचा डबा आणि दोन बर्फाच्या पिशव्या घराहून आणाव्यात.

नाईट ड्युटीला लोक घाबरतात ते झोपेसाठी. दुधाच्या दृष्टीने अडचण दुसरीच आहे. रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकलं की पहाटे चारला छाती ठणकते आणि आठवडाभराच्या नाईटनंतर दूध घटलेलं जाणवतं. रात्री निदान दोनदा काढावं. सकाळी घरी आल्यावर बसून पाजताना डुलकी लागणं हा खरा धोका. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ कुशीत घेऊन झोप लागली तर ते खाली घसरतं किंवा दबतं. पाजून होईपर्यंत घरातल्या कुणीतरी शेजारी बसावं आणि लगेच बाळ उचलून न्यावं.

अजून एक गोष्ट, जी आपण बाळंतिणींच्या (पोस्टनेटल) वॉर्डात शिकवतो आणि स्वतःला लावायला विसरतो. ‘अंगावर पाजते आहे, दिवस राहणार नाहीत’ हे तीन अटींवर खरं असतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि फक्त अंगावरचं दूध, तेही दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर न ठेवता. सात ते दोन करणाऱ्या मुलीची तिसरी अट पहिल्याच दिवशी मोडते. तांबी, छाया गोळ्या किंवा सहा आठवड्यांनंतर अंतरा इंजेक्शन, यांपैकी काय ते ड्युटी सुरू होण्याआधीच ठरवावं. एस्ट्रोजेन असलेल्या साध्या गर्भनिरोधक गोळ्या सहा महिने नकोत.

वॉर्डांचं थोडक्यात. कॅन्सरची औषधं तयार करायचं काम अंगावर पाजणारीने घेऊ नये. इन्चार्ज सिस्टरला स्पष्ट सांगावं, बदली मिळते. गोवराची लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, तोवर गोवराचा रुग्ण पाहून आल्यास कपडे बदलल्याशिवाय, हात-तोंड धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. स्वतःचे हेपटायटिस बीचे तीन डोस पोस्टिंगआधी सुरू करावेत, पाजत असताना चालतात.

खाण्याबद्दल सल्ले फुकट मिळतात. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू जरूर खावेत, अळिवात लोह असतं, पण दूध वाढतं ते मुख्यतः रिकामं होण्याने. पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. सोप्या भाषेत दोन जास्तीच्या भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू. सकाळी सहाला चहा-बिस्किटावर निघालेली मुलगी अकराला ड्रेसिंग ट्रॉलीपाशी चक्कर येऊन बसते.

अभ्यासाचं एवढंच, केस बुक, म्हणजे रुग्णांच्या नोंदींची वही, त्याच संध्याकाळी लिहावी.

आता समितीला विनंती. एसटी स्टँडवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. आपल्या शाळेत दूध काढायची जागा म्हणजे लिननची खोली, तीही बाहेरून कुणी ढकलली की उघडते. महोत्सवाच्या निधीतून कमानीआधी एक आठ बाय आठची खोली करावी. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, बेसिन, छोटा फ्रिज, पंखा, आणि कडी आतून.