पहिलं गाणं हेच का?

माझ्या डान्स क्लासची नवीन बॅच सुरू झाली की पहिल्या-दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, ताई एवढी नवी गाणी पडलीयेत तरी तुम्ही सुरुवात सोफी एलिस-बेक्स्टर ह्या ब्रिटिश गायिकेच्या 'मर्डर ऑन द डान्सफ्लोअर'नेच का करता? परवा एकीने मेसेजवर विचारलं आणि तिथे उत्तर काही मावेना, म्हणून इथे लिहितेय.

पहिलं कारण अगदी साधं आहे, वेग. मिनिटाला साधारण 117 ठोके, म्हणजे धाप लागत नाही आणि रेंगाळताही येत नाही. किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, प्रत्येक मात्रेवर सरळ पडतो त्यामुळे नवख्या माणसाला सम शोधत बसावं लागत नाही. पण असा ठोका हजार गाण्यांत मिळतो, मी अडकलेय ते बेसपाशी, म्हणजे खालच्या जाड सुरांपाशी. हेडफोन लावून फक्त बेस ऐका एकदा. किक सरळ चालत असतो आणि बेस त्याच्या मधल्या जागांत उड्या मारत असतो, पाय किकवर ठेवायचे आणि कंबर बेसला द्यायची एवढं जमलं तरी डिस्कोचा निम्मा धडा झाला.

आणि वरून तिचा आवाज! मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ह्याच्याबद्दल. खाली एवढी धमाल चाललीय आणि ही बाई अजिबात ओरडत नाही. ताना नाहीत, आवाज फाडणं नाही, लंडनच्या स्वच्छ उच्चारांत, पाठ ताठ ठेवून कुणाला तरी शांतपणे दम द्यावा तशी गाते. गाण्याचा अर्थही तोच आहे ना, फ्लोअरवर रंगात आलेला नाच मारून टाकशील तर खबरदार. व्हिडिओत तर ती डान्सच्या स्पर्धेत एकेका जोडीचा काटा काढते आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मी मुलींना हेच सांगते, सगळं अंग एकदम उधळू नका, काहीतरी एक स्थिर ठेवा म्हणजे बाकीचं हललेलं दिसतं.

हा आवाज तिने डान्ससाठी बनवलेला नव्हता हे मला फार आवडतं. आधी ती थिऑडियन्स नावाच्या गिटारवाल्या इंडी रॉक बँडमध्ये गायची, 1998 साली त्यांचा एकच अल्बम आला आणि बँड संपला. विशीच्या आतबाहेरची पोर, हातातलं काम गेलेलं. मग इटलीच्या स्पिलर ह्या डीजेच्या 'ग्रूव्हजेट'वर ती गायली आणि 2000 च्या ऑगस्टमध्ये ते ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत थेट एक नंबरला गेलं. पुढच्या वर्षी 'रीड माय लिप्स' हा तिचा पहिला सोलो अल्बम, आणि डिसेंबर 2001 मध्ये त्यातला दुसरा सिंगल म्हणून हे गाणं. ते तिने न्यू रॅडिकल्स ह्या अमेरिकन बँडच्या ग्रेग अलेक्झांडरबरोबर लिहिलंय. दुसरी कुणी असती तर इंडी सोडून डान्समध्ये आल्यावर गळा बदलला असता, हिने तोच सरळ गळा डिस्कोच्या मधोमध आणून उभा केला, आणि म्हणूनच ते गाणं तिचं वाटतं.

तेव्हा ब्रिटनमध्ये दोन नंबरला गेलं होतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती घरच्या स्वयंपाकघरातून चमचमते कपडे घालून इन्स्टाग्राम लाइव्हवर गायची, पायात पोरं लुडबुडतायत (पाच मुलगे आहेत तिला), कुणीतरी माइकच्या वायरीत अडकतंय, आणि ती गातेय, ते बघून मी त्या दिवसांत खरंच तगले. मग 2023 मध्ये 'सॉल्टबर्न' सिनेमाच्या शेवटी नट बॅरी किओगन ह्या गाण्यावर अख्ख्या हवेलीभर नाचला आणि जानेवारी 2024 मध्ये गाणं ब्रिटनमध्ये परत दोन नंबरवर! अमेरिकेच्या हॉट हंड्रेड ह्या गाण्यांच्या यादीत तर तेव्हा पहिल्यांदाच आलं, गाताना बावीस वर्षांची होती ती तोवर चव्वेचाळीसची झाली होती. आता नव्या मुली ते सिनेमामुळे ओळखतात, ओळखू देत, माझं काम सोपं होतं.

ह्या बॅचमध्ये एक जण आहे, आधी कधीच नाचलेली नाही. पहिले दोन दिवस ओठांतल्या ओठांत एक दोन तीन चार मोजत होती आणि नजर पायांवरून हलत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं मोजू नकोस, हात पोटावर ठेव आणि बेस कुठे लागतो ते बघ. मधे गिटारचा तुकडा येतो ना, तिथपर्यंत आलो तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते, नजर समोर, आणि टाच बरोब्बर किकवर पडत होती.