मागच्या बाकावरचा भाऊ

आज नंदुरबारला उपासनेत पाळकांनी बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन घेतलं : "तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे."

मागच्या बाकावर एक भाऊ खाली मान घालून बसले होते. दारू सोडली होती, पुन्हा सुरू झाली. उपासना संपल्यावर म्हणाले, "मी येवाना लायक नही, दादा."

हे वचन लिहिणारा कोण, ते आम्ही दोघांनी बसून वाचलं. येशूचा शिष्य, पण येशूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी त्याला ओळखत नाही म्हणणारा पेत्र. तीनदा! पुनरुत्थानानंतर येशूने त्यालाच विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?" तेही तीनदा, आणि तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला होता. पुढे अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. तरी हाच माणूस पवित्रतेबद्दल लिहितो. मला याचा फार आधार वाटतो.

पवित्र असण्याची ही आज्ञा मूळची बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातली. १९ व्या अध्यायात तिच्यामागोमाग येतं ते थेट शेतातलं : शेताचे कोपरे गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे हे मोठ्याने वाचायला हवं. (नुसतं उपास-प्रार्थनेवर पवित्रता मोजणं मला पटत नाही.)

पौलाला प्रभू म्हणाला होता, "माझी कृपा तुला पुरे आहे." ते भाऊंनी स्वतः दोनदा वाचलं. दारूसाठी डॉक्टरांकडेही जायचं ठरलंय, मी सोबत जाणार आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.